हिरव्या बांगड्यांचा येशू

रविवार, संध्याकाळ. भद्रावती

रूथनं चित्रावरची चादर ओढली आणि त्या क्षणी माझं सगळंच बदललं. क्रुसावर येशू. अंगाला हळद, नेसायला लुगडं, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. आणि चेहरा माझा!

दोन महिने तिच्या चित्रासाठी तिच्यासमोर हात पसरून उभा राहिलो ते यासाठी? मले वाटलं होतं, पोरीचा आपल्यावर जीव आहे.

"मले बाई काऊन केलं?" मी ओरडलोच.

"बाई नाई, नवरी केलं. आमच्या चर्चात सगळ्या मंडळीले ख्रिस्ताची नवरी म्हणतात, मिशीवाल्या बाप्यांनाही. मंग तोच एकदा नवरी झाला तर काय बिघडलं?"

"लोक हसतील ना मले!"

"तुले हसतील. मले तर बाबा घराबाहेर काढतील. उद्या चंद्रपूरले प्रदर्शनात लावायचं आहे. नको असंल तर सांग, तुझा चेहरा पुसून टाकते."

तसाच घरी आलो. तेव्हापासून त्या बांगड्याच दिसून राह्यल्या. राग आहे, खूप आहे. पण कॉलेज सोडल्यापासून माझ्या तोंडाकडे इतकं निरखून पाहिलं कोणी? घरच्यांनीही नाही. तिनं मला पाहिलं, की फक्त चित्रापुरता चेहरा पाहिला? आणि त्या बांगड्या मला शोभत होत्या, हे कोणाला सांगू?

पुसू नको, एवढंच तिला सांगायचं. फोनवर बोललो तर भांडीन, म्हणून जातोच.

आई आतून विचारून राह्यली, "कुठी चालला रे?" येतो म्हटलं. वही मिटून दार ओढून घेतो.