नकाराचं वाक्य

२ फेब्रुवारी

नव्या कचेरीतल्या खुर्चीविरुद्ध माझी पहिली तक्रार येथे विधिपूर्वक नोंदवतो. सकाळी तिच्यावर आरूढ झालो तेव्हा टेबल कोपराच्या खाली होतं. दुपारपर्यंत ते हनुवटीशी आलं. एखाद्या राजवंशाचा ऱ्हास व्हावा तशी ती खचते, कुरकुर न करता. शेजारच्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, काका, होईल तिला तुमची सवय.

बाकी मजेत. संस्कृत घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कॉम्प्युटरवाल्यांनी बोलावून नोकरी द्यावी, हा चमत्कारच. कंपनी लोकांच्या घरातली दारं आणि दिवे फोनवरून चालवते. फोनने हुकूम सोडायचा, कंपनीच्या सर्व्हरने तो घरी पोचवायचा. प्रत्येक घरात एक बोलका डबा असतो, त्याचं बोलणं फोनवरही ऐकू येतं. तो काय बोलेल ते मी लिहायचं. आज ‘दिवा लावतो’ हे वाक्य लिहिलं आणि पगाराला जागलो.

५ फेब्रुवारी

कामावर घेतलेल्या प्रत्येकाला कुलूप, दिवा आणि डबा असा एक संच फुकट. मी तो ताईकडे बसवला. ती एकटी राहते, गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, दार उघडायला उठायचं म्हणजे तिची यात्राच. तिने एकच अट घातली: तुझ्याशिवाय कुणी माझं दार उघडता कामा नये, नाहीतर तो डबा तुझ्याच डोक्यात घालीन. संच माझ्या नावावर केला. तिच्या घरापुरतं वेगळं वाक्यही लिहिलं आणि माझ्याच आवाजात भरलं. दार उघडलं की डबा म्हणतो, ‘ताई, आलो गं.’ ती आतल्या खोलीतून ओरडली, चपला काढ आधी.

१० फेब्रुवारी

सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याला मी ‘द्वारपाल’ म्हणतो. त्याला ते आवडतं. तिशीतला, हुशार, खाताना बोलणारा. आज माझं आवडतं वाक्य लिहून झालं: ‘क्षमा असावी. या घरात प्रवेशाचा आपल्याला अधिकार नाही.’ नकार द्यावा तर असा, की ऐकणाऱ्याला नमस्कार करून परत जावंसं वाटावं.

ते कानांनी ऐकायची हौस आली. म्हणून माझ्या फोनवरून हुकूम सोडताना माझ्या नावावरच्या ताईच्या घराच्या क्रमांकाऐवजी शेजारचा क्रमांक हाताने घातला. आता नकार येईल म्हणून कान टवकारले.

नकार आला नाही. फोनमधून ‘दिवा लावतो’ ऐकू आलं आणि कुणाच्या तरी घरात दिवा लागला.

११ फेब्रुवारी

द्वारपालाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, काका, ज्याला अधिकार नाही त्याच्या फोनवर आम्ही बटणच दाखवत नाही. बटण नाही तर दाबणार काय? इथे सगळे असंच करतात. सर्व्हर विचारतो, तू कोण. ओळख पटली की काम करतो. हे घर तुझं आहे का, हे तो विचारतच नाही. कारण बटण लपवलंय.

मी म्हटलं, म्हणजे माझं वाक्य कुणी कधीच बोलणार नाही? तो म्हणाला, तुम्हाला वाक्याचं पडलंय होय!

बाईसाहेबांकडे गेलो. त्या मालकीण. पुढच्या खेपेला दुरुस्त करू, म्हणाल्या. आणि ही खुर्ची बदलून हवी होती ना?

१६ फेब्रुवारी

तक्रारी येऊ लागल्या आहेत. दिवेलागणीला दार आपोआप उघडतं, पुढच्या खोलीतला दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. दार लागतं. चोरी नाही. एका आजींनी सांगितलं, कुणीतरी घर चुकल्यासारखं वाटतं.

द्वारपालाने शोधलं. सगळे हुकूम एकाच खात्याचे. कंपनीचे पहिलेवहिले ग्राहक, कचेरीत त्यांना ‘आद्य’ म्हणतात. गृहस्थ मागच्या वर्षी वारले. मुलाने घर विकलं. इथे जुनं खातं पुसायची पद्धत नाही, म्हणून खातं राहिलं, घर गेलं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबांचा मोबाइल त्यांच्या खिशातच राहिला. त्यांच्याबरोबरच गेला.

द्वारपालाने हातातला वडा तसाच ठेवला आणि हुकमांची यादी पुन्हा वरपासून वाचायला घेतली.

१८ फेब्रुवारी

त्याने आद्यांचं खातं बंद केलं. संध्याकाळी पुन्हा एक दार उघडलं. बंद केलं म्हणजे काय केलंस, असं खोदून विचारल्यावर कबूल झाला, की आत यायचं बटण लपवलं. पण ते तर आधीपासूनच आत आहेत. आत आलेल्याला बाहेर काढायचं बटण आम्ही बनवलेलंच नाही, म्हणाला.

ते क्रमाने जातात. एक घर, मग पुढच्या क्रमांकाचं. बघतात, आपलं नाही म्हणून दिवा मालवतात. सभ्य माणूस असावा.

ताईचा क्रमांक पुढे आहे. फार पुढे नाही.

२० फेब्रुवारी

ताईला फोन केला. म्हटलं, डब्याची वायर काढ. म्हणाली, खुळा की काय, काल संध्याकाळीच तर येऊन गेलास. दार उघडलंस, ‘ताई, आलो गं’ म्हणालास, दिवा लावलास. मी आतून ओरडले, बस जरा. बसलास की गुपचूप.

मी काल कचेरीत होतो.

तिला सांगितलं, तो मी नव्हतो. ती हसली. म्हणाली, लहानपणापासून तुझी हीच थट्टा.

२१ फेब्रुवारी

आज आद्य ताईकडेच. पुढच्या क्रमांकावर गेले नाहीत. पुढचं घर अंधारातच राहिलं. ताईकडचा दिवा विझलेला नाही —

द्वारपालाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. रात्रभर बसून सर्व्हर सुधारतो म्हणाला. आता प्रत्येक हुकमाला विचारणार: हे घर तुझं आहे का?

२२ फेब्रुवारी, सकाळ

झालं! आजपासून सर्व्हर विचारतो. द्वारपालाने माझं वाक्य जोडलं आणि शेजारच्या घरावर चालवून दाखवलं. कसा गोड नकार! मी त्याला मिठी मारली. खुर्चीसुद्धा खचली नाही.

ताई फोन उचलत नाही. बसने निघतो.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताईच्या दाराबाहेर. जिन्यावर बसून लिहितोय.

फोनवरून दार उघडलं. म्हणजे, उघडायला गेलो. आतून डबा बोलला. क्षमा असावी. या घरात प्रवेशाचा आपल्याला अधिकार नाही.

पुन्हा. तेच.

द्वारपालाला फोन लावला. तो बघतो म्हणाला, मग सर्व्हरवरची नोंद वाचून दाखवली. घर माझ्या नावावर नाही. परवाच बदललंय. आद्यांनी केलं. नाव बदलायचं बटण लपवलेलं होतं, पण — तेव्हा कुणी विचारत नव्हतं ना. आता विचारतो सर्व्हर. आणि त्याच्या लेखी घर त्यांचं. उलटं फिरवतो म्हणाला, पण मालकाची परवानगी मागतोय सर्व्हर —

दार ठोठावलं. हाका मारल्या. ताई आत बोलतेय. नेहमीच्या आवाजात, हसत. कुणालातरी सांगतेय, दारावर कोण आहे बघू नकोस रे, असेल कुणी विक्रेता. तू बस.

डबा म्हणाला, दिवा लावतो.

फटीतून उजेड आला. मी जोरात ओरडलो, ताई, मी आलोय गं! मग ती हळूच कुणालातरी म्हणाली, ऐकलंस, हुबेहूब तुझाच आवाज.

चोराची नाही भीती. मेलेल्याचीही नाही, खरंच. काळजी एकच आहे — ताईला फरक कळला नाही. आणि कळला असेल, तरी ती त्यालाच बस म्हणतेय —