उलटा खवला

माय, काल अकोल्याच्या घरी, खिडकीजवळ बसून एका नवरीसाठी ब्रेसलेट पुरं केलं. सोन्याचं नाही, साध्या धातूच्या खवल्यांचं. नखाएवढा एकेक खवला, त्याला वर भोक. बारीक कडी दोन पकडींत धरायची, मुरडून उघडायची, खवल्यातून आणि शेजारच्या कडीतून ओवायची, की परत मुरडून मिटवायची. ताणून उघडली तर कडी वायाच जाते. प्रत्येक खवला मागच्याचं भोक झाकतो, तू गुंफायचीस त्या फुलांच्या वेणीत शेवंती मागच्या फुलाचा देठ झाकायची तसा. माझा हात चांगला बसलाय, आणि हे मी आता कुणाला विचारत नाही.

वलगावचं आपलं स्वयंपाकघर. मी बारा वर्षांची आहे. अमरावतीच्या एका नवरीची वेणी अर्धी झालीय आणि तू दूध पाहायला उठतेस. जाताना दटावतेस, "हात नोको लावू, लग्नाची वेणी हाये." तुझी पाठ वळताच मी घाईघाईनं एक फूल बांधते, दोरा ओढते. परत येऊन तू बोलता बोलता पुढं गुंफत जातेस. लग्नघरी नवरीच्या मावशीनं वेणीच्या मधोमध बोट ठेवलं. एक शेवंती उलटी होती. तू तिथंच ओसरीवर बसून अर्धी वेणी उसवलीस, पुन्हा गुंफलीस. मला काही विचारलं नाहीस. स्वतःशीच म्हणालीस, "माह्ये डोये गेले वाटते." मी टोपली धरून उभी. त्यानंतर तू वेणी केलीच नाहीस, सुटी फुलं तागडीनं विकलीस. बाया विचारायच्या, "कावून सोडली वो?" तू म्हणायचीस, "दिसत नाही आता." तांदळातला खडा मात्र तू शेवटपर्यंत बिनचूक वेचलास. ते पाहून मला दर वेळी लाज वाटायची, आणि मी दर वेळी उठून जायची.

काल ब्रेसलेट उजेडात धरलं तर मधला एक खवला पोट वर करून बसलेला. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "माझेच डोळे गेले की काय," तोंडातून निघालं. समोर तुझी नात अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही आई, तो मी लावला. तू कुकर बंद कराले गेली होती ना, तवा." आणि पान उलटलं. मी तिला रागावले नाही. वेणीसारखं अर्धं उसवावं लागत नाही यात. ती एक कडी उघडली, खवला फिरवला, कडी मिटवली. चहा निवायच्या आत झालं.

हा कागद मी खवल्यांच्या डबीत, तळाशी ठेवणार आहे. तुझ्यापर्यंत तो पोचत नाही, हे मला कळतं. तरी एकदा लिहिते, तुझ्याशी बोलायची तसं. माय, ते फूल म्या लावलं होतं. तुह्ये डोये चांगले होते.