सुटलेली नळी

प्रिय धाकटे,

आज भट्टी थंड आहे आणि मी दुपारभर तिच्यासमोर नुसतीच बसून आहे. फळीवर आपण केलेले काचेचे दिवे आहेत. ऊन त्यांच्यातून भिंतीवर उतरलंय, पाण्यासारखं हलतंय. त्या काचेत श्वास तुझा, गोलाई माझ्या हातांची. पण तू कुठे संपतेस आणि मी कुठे सुरू होते, ते बोट ठेवून सांगता येत नाही. टोकाला वितळलेली काच घेतलेल्या नळीत तू फुंकायचीस, ती फिरवायची मी, आणि धाप मात्र दोघींना लागायची. बाबा म्हणायचे, या पोरींना शिंकसुद्धा मिळून एकच येते.

परवा तुझी लेक येऊन गेली. मेंदूचा अभ्यास करतेय ना, मावशीला शहाणं केल्याशिवाय कशी राहील! म्हणाली, हात आधी हलतो, 'मी हलवला' हे आपण मागाहून म्हणतो. आत 'मी' म्हणून कुणी बसलेलंच नसतं म्हणे. मी विचारलं, मग रोज गुडघे कुणाचे दुखतात गं? खूप हसली. पण ती गेल्यावर मला फार हलकं वाटलं. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी ती नळी कुणी सोडलीच नव्हती, ती आपली सुटली. पडणारा तापलेला दिवा झेलायला तू उघडा उजवा हात पुढे केलास, तोही विचार करून कुठे केला होतास? दिवसभर मी नुसती तरंगत होते.

काल तुझं पत्र आलं. डाव्या हाताने गिरवलेली, पहिलीतल्या मुलीची वाटावीत अशी अक्षरं. ताई, व्हायचं ते झालं, त्यात तुझा काय दोष, असं लिहिलंयस. मी ते चारदा वाचलं आणि जेवायचं राहून गेलं.

धाकटे, त्या सकाळी तू म्हणालीस की तू आता वेगळी भट्टी टाकणार. मी तोंडभरून बरं म्हटलं. मग नळी फिरवता फिरवता मनात आलं, कर जा तुझं तू. आणि बोटं उघडली. मी उघडली की उघडली गेली, देवाशपथ मला ठाऊक नाही. तुझ्या लेकीचं खरंही असेल. पण मी नव्हतेच म्हटलं, तर तुझी माफी कोण मागणार? म्हणून हे लिहितेय. हात माझा होता. नळी मी सोडली. तेवढं 'तुझा काय दोष' मागे घे, म्हणजे मला माफी मागता येईल.

तुझीच,
ताई