भाग्येश गेला

म्हसावद,
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय काजल,

रुचिका वहिनीचे आशीर्वाद. इकडे पपईची तोड चालू आहे, तुझे नवनीतदादा दिवसभर मळ्यात असतात. आईंची तब्येत बरी आहे. म्हणजे परवापर्यंत होती. फोनवर बोलावं तर त्या दाराआड उभ्या, म्हणून लिहायला बसले. फारकत घेऊन तू रविवारी कायमची माहेरी येते आहेस, त्याआधी हे तुला कळायलाच हवं.

अगं, तुझा मुलगा वारला.

घाबरू नकोस. तुला मूल नाही हे मला माहीत आहे, गावाला माहीत नाही. तुझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. एका हळदीत जसोदाबाईने सगळ्या बायांदेखत विचारलं, "काजलनं काही शे का?" आणि मुलगा झाला म्हणून आई बोलून गेल्या, "पोऱ्या व्हयना ना. भाग्येश नाव ठेवं."

मग तो थांबलाच नाही. रांगला, चालला, बालवाडीत गेला. दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून त्याच्यासाठी टोपी यायची, दरवर्षी एक माप मोठी. तू येत नव्हतीस, म्हणून खपून गेलं. मीही हसण्यावारी नेलं. एकदा तर जसोदाबाईला मीच सांगितलं, त्याला केळी आवडत नाहीत म्हणून. जिभेला काय हाड असतं?

सोमवारी तू येत असल्याचा फोन आला, आणि काल सकाळी आईंनी ओट्यावर बसून हंबरडा फोडला. "मन्हा भाग्येश गया वं माय." मला वाटलं, नाटक आहे, तासाभरात आवरतील. पण दुपारपर्यंत सगळी गल्ली दारावर बसायला आली. आमची चूल पेटवायची नाही म्हणून प्रमिलाबाईंकडून पिठलं-भाकरी आली. जसोदाबाई आईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "बेबी, मी त्याले कधी देखं बी नही वं."

आई म्हणाल्या, "मी बी नही."



बाया गेल्या तरी आई रडतच होत्या. मी चिडले. म्हटलं, "आई, आता इथे कोणी नाही. पुरे."

"दोन व्हतात ना," त्या म्हणाल्या. "त्यास्ना दारवर बसाले कोण उनं व्हतं?"

काजल, शपथेवर सांगते, मी त्यांच्याजवळ कधीच काही बोलले नव्हते. दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं, तेव्हा दवाखान्यातून तू फक्त मला फोन केलास, आणि आपण दबक्या आवाजात बोललो. आईंना कसं कळलं, देव जाणे. मला अजून सुधरत नाही. ह्या भाग्येशसाठी अख्खी गल्ली दारावर बसली, आणि त्या दोघांची आपण नावंसुद्धा ठेवली नाहीत.

रविवारी तू बसमधून उतरलीस की बाया तुझ्या गळ्यात पडतील. खरं सांगावंसं वाटलं तर सांग, मी तुझ्या बाजूने उभी राहीन, आईंनाही सांभाळीन. रडावंसं वाटलं तर रड. कोणासाठी, ते कोणी विचारणार नाही.

टोप्या कपाटात आहेत. तू येईपर्यंत कोणाला हात लावू देत नाही.

तुझ्या तिघांची मामी,
रुचिका