खिळ्यावरची पक्कड

वेनिंगच्या आईस,

सेमारांगच्या दवाखान्यातून कास्दूचा सलाम. पत्र शेजारच्या खाटेवरचे तार्सोनोभाऊ लिहून देतायत, म्हणून अक्षर बरं आहे. माझं मनगट अजून लोंबतंच. घास उचलला की निम्मा भात लुंगीवर. बाकी काळजी नको. पोटातली कळ कमी आहे. जेवायला सोयाबीनचं टेंपे मिळतं, पण तुझ्या हातचा मिरचीचा ठेचा नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझी हिरडी पाहून विचारलं, "काका, जाळ्याला शिशाच्या गोळ्या कशाने आवळता?"

म्हटलं, "दातांनी. पक्कड लागते तो कोळी कसला!"

बाई हसल्या नाहीत. हिरडीवरची निळी रेघ, पोटदुखी, लुळं मनगट, सगळं त्या शिशाचंच म्हणे.

तू बाजारातून पक्कड आणलीस, तेव्हा चारचौघांत मी तुझी टर उडवली. ती अजून खिळ्यालाच लटकलीय ना?

माझं उगाच भडकणंही शिशामुळेच असेल, असं बाई म्हणाल्या. वाटलं, चला, सुटलो. पण मी ताट भिरकावलं की खाली बसून भात वेचायचीस ती तूच.

वेनिंगचं पोट हल्ली दुखतं का? तीही माझं बघून दातांनीच आवळते. निळी रेघ दिसो न दिसो, तिला रक्त तपासायला इकडे घेऊन ये.

आणि आजच ती पक्कड तिच्या हातात दे. बाबांनी दिली म्हणून सांग. नको, तू आणलीस असंच सांग.

घराकडे डोळे लावून बसलेला,
कास्दू