दुसरा बेस आणि डेल्मर हॉइटचा खांदा

मी, एल्विन ट्रेहर्न, मार्लो क्रीक गावच्या रिव्हर स्ट्रीटवर राहणारा, चिनी मातीच्या कारखान्यात कपांना कान लावून निवृत्त झालेला विधुर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. पाय गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कुणी धमकावलेलं नाही, कुणी दारू पाजलेली नाही. वकीलबाई प्रेंटिस यांनी बजावलं आहे की ज्याला या कागदाने काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. ते ध्यानात ठेवून लिहितो. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझी बायको विल्मा हिला दिलं होतं, आणि ती माझ्या आधी गेली.

कलम १. बँकेतली शिल्लक, गाडी आणि विल्माचं शिवणयंत्र माझी भाची लोएला हिला द्यावं. लोएला, क्लच हळू सोडत जा. गाडीने तुझं काही वाईट केलेलं नाही.

कलम २. माझ्या लाकडी सुऱ्या, स्पंज आणि कान कापायचे साचे रूबी टॅगार्ट हिला. कारखान्यात ती माझ्या शेजारी बसायची. मी लावलेला कान कधी निखळत नाही, असं ती नव्या मुलींना सांगायची. मी प्रत्येक कान दोनदा दाबून बघत असे, आणि का बघतो ते तिला ठाऊक होतं. तिने ते कुणाला बोलून दाखवलं नाही, म्हणून हत्यारं तिला.

कलम ३. न्हावी गस पापास यांना काहीही नाही. एक तर ते साक्षीदार आहेत. दुसरं म्हणजे मी दुकानात शिरलो की ते वस्तरा थांबवून ओरडायचे, "एल्विन, उंबऱ्याला पाय लावलास का? नसेल तर मागे जा, पुन्हा ये!" खुर्च्यांवरची माणसं फेसातून हसायची. मीही हसायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. गस, तुमचा हात मात्र हलका आहे, तेवढं कबूल करतो.

कलम ४. जिन्याखाली गोणपाटात गुंडाळलेली कॅनव्हासची एक गादी आहे. तो आमच्या जुन्या बेसबॉल मैदानावरचा दुसरा बेस, म्हणजे धावताना पाय लावून पुढे जायचा टप्पा. टीमच्या पंचविसाव्या स्मृतिभोजनात ती मला लाल फीत बांधून भेट दिली गेली. सगळे उभे राहून हसले, मी आभार मानले. तिचं काय करावं ते मला सुचत नाही. लोएलाने जाळली तरी हरकत नाही.

लोएलाचा जन्म तेव्हाचा नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. एकोणीसशे एकोणपन्नासचा तो हंगाम. आमची टीम पॉटर्स, म्हणजे कुंभार. पगारी टीम खरी, पण पगार असा की मोज्यांना मोजे जोडून वापरायचो. वसंतात आम्ही सलग हरलो. बस घाटात बंद पडायची आणि आम्ही गणवेश घालून ती ढकलायचो. मग जूनमध्ये डेल्मर हॉइट आला. शेतावरचा पोरगा, कान लालभडक, आणि चेंडू असा टाकायचा की समोरचा फलंदाज बॅट फिरवून झाल्यावर मागे वळून बघायचा. आम्ही दोघं मिसेस डॉबिन्स यांच्याकडे एका खोलीत राहत होतो. तो झोपेतसुद्धा उजवा हात पांघरुणात जपून ठेवायचा.

त्याच्या जोरावर आम्ही वर सरकत गेलो. ऑगस्टमध्ये कारखान्याची पाळी सुटली की माणसं कोपरापर्यंत सुकलेली माती घेऊन थेट मैदानावर यायची. लढाईवरून परतलेली पोरं, ज्यांना घरी कुणाशी बोलवत नव्हतं, तीही तिथे घसा फोडून ओरडायची. शेवटच्या दिवशी आम्ही आणि नदीपलीकडची टीम बरोबरीत होतो. त्या दिवशीचा सामना जिंकेल त्याचा हंगाम. मोठ्या लीगसाठी खेळाडू हेरणारा माणूस स्ट्रॉ हॅट घालून डेल्मरला बघायला आला होता.

शेवटची खेळी, बरोबरी, दोघं बाद. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर, मी पहिल्यावर. आमच्या फलंदाजाने चेंडू गवतात लांब मारला. तिसऱ्यावरचा गडी घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचला आणि आम्ही जिंकलो. पण नियम असा, की मी दुसऱ्या बेसला पाय लावल्याशिवाय ती धाव धाव नव्हे. हे शेंबडं पोरही जाणतं. लोक कुंपणावरून उड्या मारून आत आले, आणि मी अर्ध्या वाटेतून वळलो, धावत जाऊन डेल्मरला मिठी मारली, उचललं. तो माझ्या खांद्यावरून मैदानाकडे बघत होता.

"एल्विन," तो म्हणाला, "दुसऱ्याला पाय लावलास ना?"

मी हसलो. तेवढ्यात त्यांच्या गड्याने गर्दीतून चेंडू शोधून आणला आणि तो घेऊन माझ्या आधी दुसऱ्या बेसवर पाय ठेवला. पंचांनी मला बाद दिलं, धाव पुसली, गर्दी हटवली आणि खेळ पुढे सुरू केला. आमच्याकडे दुसरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उरला नव्हता. मॅनेजरने विचारलं तेव्हा डेल्मर नुसता उठून गेला. आधीच थकलेल्या हाताने तो टाकत राहिला, खेळीमागून खेळी. मग एका चेंडूला त्याच्या खांद्यातून आवाज आला. मी जवळच उभा होतो, मला तो ऐकू आला. आम्ही हरलो. हॅटवाला माणूस शेवटपर्यंत थांबलासुद्धा नाही.

त्यानंतर डेल्मरचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. तो डेअरीत लागला आणि आमच्याच रस्त्यावर दूध टाकू लागला. पहाटे गाडी थांबायची, तो डाव्या हाताने बाटल्या पायरीवर ठेवायचा आणि जायचा. मी पडद्याआड उभा असायचो. विल्मा म्हणायची, "अहो, दार उघडा. चावतोय का तो?" दार माझ्या हाताशी होतं. "डेल्मर, तुझं वाटोळं झालं माझ्यामुळे," एवढंच म्हणायचं होतं. मी उघडलं नाही. बेस चुकला तेव्हा मी तरुण होतो, घाईत होतो. दाराआड उभा राहिलो तेव्हा ना तरुण होतो ना घाईत. त्याची लाज मला जास्त वाटते. डेअरी बंद झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

कलम ५. म्हणून माझं राहतं घर, मागच्या सफरचंदाच्या झाडासकट, डेल्मर हॉइट याला द्यावं. तो भाड्याच्या खोलीत राहतो. खांदा मी परत देऊ शकत नाही.

कलम ६. यातलं कुठलंही कलम कोणत्याही कारणाने फुकट गेलं, तर ती वस्तू लोएलाकडे जावी.

कलम ७. अंत्यविधी आमच्या चर्चमध्ये, थोडक्यात. कुणीही 'पाय लाव' म्हणू नये, गमतीनेही नाही. शवपेटी धरायला चर्चमधली माणसं घ्यावीत. टीममधल्या कुणाला बोलावू नये. मेल्यावरही त्यांच्यासमोरून जायला मला संकोच वाटतो.

कलम ८. हे आजच, सही करायच्या आधी लिहीत आहे. दुसरे साक्षीदार म्हणून चर्चचे चौकीदार यायचे होते, त्यांना आणायला गस गेले. गस डेल्मरला घेऊन आले. "चौकीदाराला ताप आहे," गस म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

डेल्मरने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि कागद मागितला. वकीलबाई नको नको म्हणत असताना त्याने चष्मा लावून सगळा वाचला. पाचव्या कलमावर बोट ठेवलं.

"घर देतोस होय रे मला?" तो म्हणाला. "पडद्याआडून तुझे पाय दिसायचे मला, रोज. वाटायचं, आज उघडेल. दोनदा बाटल्या मुद्दाम आपटल्या."

"मला तोंड नव्हतं, डेल्मर."

"मला चेंडू टाकायला कुणी धरून नेलं नव्हतं. मॅनेजरने विचारलं, मी गेलो. तो खांदा माझा होता, एल्विन. त्यातही तू हिस्सा मागतोस?"

त्याने पेन मागितलं. वकीलबाई म्हणाल्या, "मिस्टर हॉइट, तुम्ही सही केलीत तर घर तुम्हाला मिळणार नाही. कळतंय ना?"

"वाचता येतं मला, बाई," तो म्हणाला. "म्हणूनच करतोय."

मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं." उशीर झाला होता, पण म्हटलं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला की सातवं कलम त्याला मान्य नाही, आणि सहीखाली तो स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिणार आहे. मी त्यांना आधीच संमती देत आहे.

एल्विन ट्रेहर्न (सही)
मार्लो क्रीक, ओहायो. ९ नोव्हेंबर १९७९.

एल्विनने आमच्यादेखत शुद्धीवर असताना सही केली, हे खरं.

साक्षीदार: गस पापास (सही). उंबऱ्याचं पुन्हा म्हणणार नाही.

साक्षीदार: डेल्मर हॉइट (सही). पेटी धरायला मी येणार. आपल्याकडे ती हातांनी कमरेपाशी धरून नेतात, तेवढा माझा हात चालतो. लोएला, ती गादी जाळू नकोस, चर्चच्या दारात ठेव. पेटी आधी तिच्यावर टेकवू, मग पुढे नेऊ. या वेळी टेकली की नाही ते मी स्वतः बघेन.