रिकामी सुटणारी गाडी

प्रिय गुण्या,

छत्री विसरलास. पडवीतल्या खुंटीला अजून तशीच लटकते आहे. जन्मभर लोकांनी गाडीत विसरलेल्या पिशव्या गोळा करून घरोघर पोचवल्यास, आणि स्वतःची छत्री, चष्म्याचं घर, एकदा तर पायातल्या वहाणा आमच्याकडे टाकून गेलास. सावंतवाडीला डोळे दाखवायला निघालास तेव्हाही मी मागून हाक मारली होती, "मेल्या, छत्री." तू वळूनही बघितलं नाहीस. "इल्यावर व्हरतंय गो वयनी," म्हणालास. आल्यावर नेतो म्हणे. आलास का? वाटेतच छातीत कळ आली आणि आला तो तुझा निरोप. तेव्हापासून कोणाला मेल्या म्हणायला माझी जीभ वळत नाही.

हे पत्र तनू लिहिते आहे, माझी नात. तुला ठाऊकच आहे, मला अक्षर कधी आलं नाही. मी सांगते आणि ती शाळेतल्या मराठीत उतरवते. कोण काय बोललं तेवढं मात्र जसंच्या तसं ठेव, असं तिला बजावलं आहे.

तुझं वर्षश्राद्ध झालं तेव्हा नाही लिहिलं. तेव्हा सांगण्यासारखं जे होतं ते चांगलं नव्हतं. तू गेलास आणि तुझ्या पाठोपाठ वस्तीची गाडी गेली. संध्याकाळी मालवणहून येऊन रात्री देवळापुढे मुक्काम करणारी आणि पहाटे परत सुटणारी तुझी लाल गाडी, गुण्या. बंद केली. आणि काल संध्याकाळी ती परत आली. ही बातमी तुला सांगितल्याशिवाय मी गप्प बसेन, असं वाटलं तुला?

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू पदराला धरून "वयनी, खाऊ" करणारा दीर होतास. लोकांसमोर तुला भावोजी म्हणायचं आणि आत आलं की गुण्या. पुढे कंडक्टर झालास आणि डेपोत हातापाया पडून आपल्याच गावची वस्ती मागून घेतलीस. दिवसभर नोकरी, रात्री वयनीच्या हातचं जेवण. ड्रायव्हरला जेवायला घालायची गावात घरोघर पाळी असायची, पण तू पाळी मोडून रोज आमच्याच पाटावर. एवढा हुशार माणूस, आणि छत्री लक्षात राहत नव्हती.

आपल्या दोघांच्या भांडणाचा विषय एकच, सरकार. गंमत बघ, सरकारचा पगार खाणारा तू, आणि बाजाराची बाजू घ्यायचास. बाजारात माठाच्या जुड्या घेऊन बसणारी मी, आणि सरकारची बाजू घ्यायचे. पेपर मोठ्याने वाचून झाला की तू सुरू.

"वयनी, चार माणसां आणि एवढी मोठी गाडी. सरकार भिकेक लागतला नायतर काय?"

"मगे त्या चार माणसांनी उडान जावचा?"

"गरज आसली की कोणतरी आपणहून गाडी घालता. तेकाच बाजार म्हणतत. सरकारान बाजूक रवाचा."

"बरा. मगे तुझो पगार बाजाराकडसून घे."

यावर तू सोलकढीची वाटी पुढे करायचास. उत्तर नसलं की तुला तहान लागायची.

बाजार मला ठाऊक आहे रे. श्रावणात सगळ्यांच्या घरामागच्या परड्यात काकड्या एकदमच धरतात. सकाळी ज्या काकडीसाठी गिऱ्हाईक वाकून बघतं, तीच दुपारी गाईच्या पुढ्यात टाकावी लागते. त्यात कोणाचा दोष नसतो. पण संध्याकाळी घरी यायला गाडी लागते, काकड्या विकल्या गेल्या असोत की नसोत. एवढंच माझं म्हणणं होतं. ते कधी तुला पटलं नाही.

की पटलं होतं? पहाटे आमच्या वळणावर माझ्या जुड्या बांधून व्हायच्या असत. तू एक घंटी मारून गाडी थांबवायचास. "वयनी, सरकारचा डिझेल जळता." आणि मी चढेपर्यंत गाडी सोडायच्या डबल घंटीसाठी दोरीला हात लावायचा नाहीस. सगळा रस्ता तोट्याचा हिशेब ऐकवायचास आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या कोणा म्हातारीसाठी तसाच थांबायचास. शिकायला बाहेर राहिलेल्या पोरांचे डबे किती नेलेस, त्याचं कधी कोणाकडून काही घेतलं नाहीस. एकही डबा हरवला नाही. फक्त मसुऱ्याच्या जत्रेतून माझ्यासाठी आणायचास तो गुळाचा खाजा अर्धा व्हायचा. पुडी फाटली होती म्हणे. दरवर्षी बरी फाटायची?

तर गाडी कशी गेली ते ऐक.

सगळीकडे मंदी आली. तनू पुस्तकातलं काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, माझ्या भाषेत सांगायचं तर सगळे एकाच वेळी खिशात हात घालून उभे राहिले, पैसा बाहेर काढेना कोणी. मुंबईची माणसं चतुर्थीला आली ती दीड दिवसाचा गणपती पोचवून लगेच परत. देवबागला पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या, तिथे जेवण करायला जाणाऱ्या आपल्या वाडीतल्या बायका घरी बसल्या. घरं बांधायची थांबली म्हणून चिऱ्यांच्या खाणीवरची माणसं गेली. मग गाडीत बसणार कोण? डेपोने हिशेब बघितला आणि गाडी काढली. आणि सरकारची करणी बघ, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना तिकीट फुकट केलं, बायकांना अर्धं केलं, आणि मग गाडीच काढून घेतली. आता हसू नकोस.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे बाजार पुढे आला. कोण म्हणशील? तुझाच मुलगा, सुहास. त्याने टमटम घेतली. पोरगा मेहनती आहे, मी नावं ठेवत नाही. पण टमटम भरल्याशिवाय हलत नाही. वडाखाली उभी राहायची, आणि तनूचं कॉलेज मालवणला सुरू होऊन जायचं. माणसं कमी झाली तसं त्याने भाडं वाढवलं. भाडं वाढलं तशी माणसं आणखी कमी झाली. मग आठवड्यातून दोन दिवस तो येईनासाच झाला. त्याला तरी काय बोलू? रिकामी टमटम पळवून तो घर कसं चालवणार?

तनूचे तास बुडायला लागले. एक दिवस तिची आई म्हणाली, राहू दे हे वर्ष, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू म्हणून शाळा सुटलेली एक बाई तुझ्याशी आत्ता बोलते आहे, गुण्या. तिला विचार, पुढचं वर्ष कधी येतं ते.

म्हणून मी आणि वाडीतल्या चार बायका डेपोत गेलो. साहेब भला माणूस. स्वतः उठून मला खुर्ची दिली.

मी म्हटलं, "साहेब, माणसं कमी म्हणून तुम्ही गाडी काढली. गाडी नाही म्हणून माणसं बाजाराला जात नाहीत. सगळे खिशात हात घालून उभे आहेत, आता सरकारनेपण घातला तर पहिला हात बाहेर काढणार कोण?"

तो म्हणाला, "आजी, पटतं मला. पण टायर कुठून आणू? वरून पैसे येत नाहीत. तुमची फेरी चालू ठेवली तर दुसऱ्या कुठल्यातरी गावची बंद करावी लागेल. कुठली करू, तुम्ही सांगा."

टायर काही माझ्या परड्यात धरत नाहीत. आणि दुसऱ्या गावातही एखादी तनू असणारच. तू असतास तर म्हणाला असतास, "बघ, मी काय सांगी होतंय." म्हण. आजच्या दिवस म्हणून घे.

शेवटी त्यालाच आमची दया आली. म्हणाला, आठ दिवस नुसती पहाटेची फेरी सोडून बघतो, गाडी भरली तर वस्तीसाठी वर कळवतो.

आता आपला गाव तुला माहीत आहे. भरा म्हटलं तर किती भरायचं हे कोणाला कळतं? पहिल्या दिवशी पहाटे देवळापुढे जत्रा जमली. ज्यांना मालवणात काडीचं काम नव्हतं तेसुद्धा इस्त्रीचे शर्ट घालून आले. गुरव आला. दशावतारात राणीचं काम करणारा बाबी तोंडाला पावडर लावून आला. नाव झालं पाहिजे ना, आपल्या गावची गाडी भरते म्हणून. आणि देवळाकडेच एवढी भरली की आमच्या वळणावर थांबलीच नाही. तनू वह्या छातीशी धरून उभी, त्या दिवशी तिची परीक्षा, आणि आतून सगळा गाव आम्हाला हात हलवून दाखवत गेला. जिच्यासाठी गाडी आणली ती रस्त्यात. सांग, हसू की रडू?

तेवढ्यात मागून टमटमचा आवाज. सुहास. गाडी सुरू होणार म्हटल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता, आणि त्याचं काही चूक नव्हतं. त्या पहाटे त्याची सगळी माणसं लाल गाडीत. टमटम अगदी रिकामी.

"बसा," म्हणाला.

मी म्हटलं, "सुहासा, भरूची नाय?"

"तू गप ऱ्हव गो काकी. घड्याळ बघ. बस गो तनू, परीक्षा आसा मा तुझी?"

सगळा रस्ता तो पुटपुटत होता. "एका पोरीसाठी एवढो मोठो फेरो. डिझेल काय माडार लागता? धंदो बुडतलो माझो, बघ तू." मी मागे बसून डोळे मिटून घेतले, गुण्या. आवाज तुझा होता. तोच रुसका सूर, तेच हिशेब, आणि गाडी मात्र कुठे थांबत नव्हती. वळणावर एक म्हातारी हात दाखवत होती, तिच्यासाठी तेवढा थांबला. तनूला वेळेवर पोचवलं. आम्हा दोघींपैकी भाडं घेतलं ते तनूचंच. माझ्याकडून काही घेतलं नाही. मी कधीपासून त्याला सांगायचं म्हणते की तू बापासारखा आहेस. अजून सांगितलं नाही. आत्ता हे लिहून झालं की तनूच सांगेल, तिच्या तोंडात काही राहत नाही.

त्या संध्याकाळी देवळात बैठक झाली. सगळ्यांच्या माना खाली. मी म्हटलं, ड्रायव्हरला जेवायला घालायची पाळी लावायचात ना, तशी आता बसायची पाळी लावा. आज या चार घरांनी बाजार करायचा, उद्या त्या चार घरांनी. उगाच फेरफटका नको. तसंही मीठ-तेल कोणाला लागत नाही? बाबी म्हणाला, "माझी पाळी पावडर संपात तेवा लाव." लावली.

आठ दिवस गाडी ना रिकामी गेली ना उतू गेली. साहेबाने वर कळवलं. मार्चपर्यंत वस्ती मंजूर. मार्चनंतर काय, तर बघू. सरकारचं बघू म्हणजे काय ते तू जास्त जाणतोस.

आणि सुहासचं म्हणशील तर तो आता वरच्या वाडीतली माणसं टमटममधून गाडीपर्यंत आणतो. तिकडे लाल गाडी कधी गेली नव्हती. हे त्याला कोणी सांगितलं नाही, त्याचं त्यानेच हेरलं. म्हणजे तुझंही थोडं खरं निघालं. थोडंच हं.

काल वस्तीची पहिली रात्र, पहिली पाळी आमची. कंडक्टर घाटावरचा आहे, सोलकढी बघून म्हणतो, "आजी, हे दूध लाल कसं झालं?" तुझ्या पाटावर बसला. मला जरा जड गेलं, पण तीन वाट्या प्यायला तेव्हा बरं वाटलं. आज पहाटे मीच पहिली गाडीत चढले. त्याने यंत्रातून कागद काढून दिला.

"हे घ्या आजी, तुमचं शून्याचं तिकीट."

"शून्याचं कशाला छापतोस? कागद फुकट."

"त्याचे पैसे सरकार देतं."

"कोणाला?"

"आम्हाला."

"आणि तुम्ही कोण?"

जरा विचार करून म्हणाला, "सरकारच की."

तू असतास तर यावर महिनाभर भांडलो असतो. मी तो कागद जपून ठेवला आहे, भांडायला कोणी भेटलं तर असावा.

पहाटे घरातून निघताना आभाळ आल्यासारखं वाटलं म्हणून खुंटीवरची तुझी छत्री त्या पोराला द्यावी असं मनात आलं. नाही दिली. तू न्यायला आलास आणि खुंटी रिकामी दिसली तर?

आता माझं वचन ऐक. पाळी असो नसो, पाय चालतात तोवर आठवड्यातून एकदा मी त्या गाडीत बसेन, तू बसायचास त्या सीटच्या शेजारी. तनू परीक्षा देऊन पुरी होईपर्यंत तर नक्कीच. मार्चात गाडी काढायला कोणी आलं तर आधी मला उतरवावं लागेल, आणि मी सहजी उतरत नाही हे तू पुष्कळ पहाटे बघितलं आहेस. ड्रायव्हर-कंडक्टरचं ताटही चुकणार नाही. सुहासला मी बघते. तू त्याची काळजी करू नकोस.

आणि हो, तिकडून इकडे येणारं कोणी भेटलं तर त्याच्याकडे खाजा दे. आल्याचा, गूळ चांगला जाड चढवलेला. दात नाहीत, पण चघळत बसेन. पुडी मात्र अख्खी येऊ दे.

तुझी,
वयनी
(अंगठा तिचा, अक्षर तनूचं)